पोलिसांच्या मनावरचे आघात आणि सहकाऱ्याचं जाणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पोलीस लाईनीत वाढले. वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले. आता मी समुपदेशक म्हणून काम करते आणि माझ्यासमोर बसणाऱ्यांत पोलीस अंमलदार, अधिकारी आणि त्यांच्या घरचे लोक बरेच असतात. शब्द बदलतात, प्रश्न तेच येतात. ते इथे एकत्र केले आहेत. कुणाचीही ओळख उघड होईल असं काही यात ठेवलेलं नाही.

आमच्या नोकरीत मयत पाहणं रोजचंच आहे. त्याला ‘आघात’ म्हणायचं कशाला?

रोजचंच आहे, म्हणूनच. लोहमार्ग पोलिसांचं काम डोळ्यांसमोर आणा. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं जीव गमावतात. कुणी रूळ ओलांडताना, कुणी दारातून पडून. प्रत्येक ठिकाणी एखादा अंमलदार हमालांना घेऊन पोहोचतो. ओळख पटण्यासाठी खिसे तपासतो. पास सापडतो, डबा सापडतो. तेवढ्यात मयताचा मोबाईल वाजतो आणि स्क्रीनवर ‘आई’ असं दिसतं. मग पंचनामा, पीएमसाठी (शवविच्छेदनासाठी) रवानगी, एडी (अकस्मात मृत्यूची नोंद) दाखल. मयताच्या शर्टाचा रंग, अंगावरच्या खुणा, चपलेचा नंबर, सगळं कागदावर येतं. ते लिहिणाऱ्याला त्या रात्री जेवण गेलं की नाही, याला रकाना नसतो.

एकाच मोठ्या घटनेने माणूस खचतो असं नाही. शंभर मयत शांतपणे हाताळलेला हवालदार एकशे एकाव्याला कोसळतो आणि याच्यात वेगळं काय होतं ते त्यालाच उमगत नाही. खोदून विचारलं तर बहुधा काहीतरी लहानसं निघतं. त्या पोराच्या पायात आपल्या पोरासारखेच बूट होते, एवढंच.

आणि मोठ्या घटना आहेतच. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस पेटली आणि २५ प्रवासी गेले. २०१४ च्या जुलैत माळीण गाव डोंगराखाली गेलं, दीडशेहून अधिक माणसं दगावली. अशा जागी बंदोबस्ताला उभा असलेला पोलीस बातमीच्या फोटोत पाठमोरा दिसतो. तो काय पाहत होता याचा विचार आपण फारसा करत नाही.

घटनेला पंधरा दिवस झाले. झोप लागत नाही, तो वास नाकातून जात नाही, आवाज झाला की दचकायला होतं. मला वेड लागतंय का?

नाही. जिवावरचा प्रसंग पाहिलेलं शरीर काही दिवस तसंच सावध राहतं. डोळे मिटले की तेच दिसणं, तो रस्ता टाळणं, बारीकसारीक गोष्टीवरून घरच्यांवर ओरडणं, जेवताना एखाद्या पदार्थाची किळस येणं, हसण्यारडण्यातलं काहीच आत न पोहोचणं, हे सगळं पहिल्या काही आठवड्यांत होऊ शकतं. बहुतेकांच्या बाबतीत ते हळूहळू ओसरतं.

महिना उलटून गेला, त्रास तसाच आहे किंवा वाढतोय, आणि त्यापायी ड्युटी किंवा घर कोलमडतंय, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. या त्रासावर चांगले उपचार आहेत. आघातावर लक्ष ठेवून केलेली बोलण्याची थेरपी असते, डोळ्यांच्या हालचालींचा वापर करून आठवणीची धार कमी करणारी पद्धत असते. दोन्हींच्या मागे बरंच संशोधन आहे. महिना थांबलंच पाहिजे असंही नाही. सहन होत नसेल तर दुसऱ्या दिवशी जा.

नाईट करणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. पाळ्यांमुळे झोपेची आधीच वाट लागलेली असते, त्यामुळे ‘हे नाईटमुळेच’ असं म्हणून कित्येक महिने निघून जातात. सुट्टीच्या दिवशीसुद्धा तीनच्या ठोक्याला घामाघूम होऊन जाग येत असेल, तर दोष नाईटचा नाही.

त्या दिवशी ड्युटी माझी होती. मला घरी काम होतं म्हणून आम्ही अदलाबदल केली. माझ्या जागी तो गेला आणि गेलाच. मी कसं जगायचं?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी कधीही ‘तुझी चूक नाही’ या वाक्याने सुरुवात करत नाही. ते वाक्य खरं आहे, पण त्याने ते शंभर जणांकडून ऐकलेलं असतं आणि एकदाही पटलेलं नसतं.

मी आधी विचारते, तो कोण होता? मग बॅच निघते, ट्रेनिंग सेंटरमधली पीटी निघते, गणपती बंदोबस्तात एका वडापावचे केलेले दोन भाग निघतात. दुःखाला वाट मिळाली की अपराधीपणाचं ओझं थोडं बाजूला सरकतं. बऱ्याचदा तो अपराधीपणा म्हणजे मित्र गमावल्याचं दुःखच असतं. आपल्याकडे गणवेशातल्या माणसाने मित्रासाठी रडायची जागाच नाही, म्हणून ते स्वतःला दोष देण्याच्या रूपाने बाहेर येतं.

त्यानंतर, घाई न करता, तुमच्या कामाचीच पद्धत वापरायची. तपास करताना तुम्ही आरोपीला त्या क्षणी काय माहीत होतं ते पाहता, पुढे काय घडलं त्यावरून त्याचा हेतू ठरवत नाही. स्वतःला तेवढा न्याय द्या. ड्युटी बदलताना तुम्हाला काय माहीत होतं? मुलाची शाळा, आईची तपासणी, एवढंच.

गडचिरोलीतल्या लोकांकडून हा प्रश्न जास्त येतो. २००९ या एका वर्षात मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी इथे नक्षलवाद्यांच्या हल्ल्यांत पोलिसांच्या तुकड्या मारल्या गेल्या. १ मे २०१९ ला कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ सुरुंगस्फोटात शीघ्र कृती दलाचे १५ जवान आणि गाडीचा चालक गेले, तेही महाराष्ट्र दिनाला. अशा प्रत्येक घटनेनंतर त्या दिवशी रजेवर असलेली, आजारी असलेली, दुसऱ्या गाडीत बसलेली माणसं मागे उरतात. त्यांना जखमींच्या यादीत कुणी धरत नाही. धरलं पाहिजे.

मुंबईत २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयाजवळ हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर ज्या क्वालिसमध्ये होते, त्याच गाडीच्या मागच्या भागात एक जखमी अंमलदार सहकाऱ्यांच्या देहांखाली अडकून जिवंत राहिला. अतिरेकी ती गाडी घेऊन निघाले तेव्हाही तो आतच होता, आणि ते उतरून गेल्यावर वायरलेसवरून खबर त्याने दिली. ‘वाचलो’ या शब्दात किती काय दडलेलं असतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

मी प्रभारी अधिकारी आहे. माझ्या ठाण्यातल्या एका अंमलदाराचा ड्युटीवर मृत्यू झाला. बाकीच्यांसाठी पहिल्या दोन-तीन दिवसांत काय करू?

साहेब, हा प्रश्न विचारलात याचा मला मनापासून आनंद आहे, कारण तुमच्या हातात माझ्यापेक्षा जास्त आहे.

ज्यांनी मयत उचललं, जे सोबत होते, त्यांना त्याच रात्री परत नाकाबंदीला लावू नका. त्यांच्या घरी फोन जाऊ द्या, ‘तो ठीक आहे’ एवढं सांगणारा. टीव्हीवर पट्टी सुरू झालेली असते आणि लाईनीतल्या पन्नास बायका एकाच वेळी आपला नवरा आहे का ते शोधत असतात. मी लहान होते तेव्हा आमच्या चाळीत बिनतारीवरच्या बातमीआधी अफवा पोहोचायची. त्या दोन तासांत आईच्या चेहऱ्याचं जे व्हायचं ते मी अजून विसरलेले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची जी पद्धत सांगितली तिचं सार तीन शब्दांत येतं : पाहा, ऐका, जोडून द्या. कोण गप्प झालाय, कोण थरथरतोय, कोण उगाच कामात गुंतवून घेतोय ते पाहा. बोलायचं असेल त्याचं ऐका. ज्याला घर, डॉक्टर, रजा, पैसा यातलं जे लागेल त्याच्याशी त्याला जोडून द्या.

एक गोष्ट मात्र करू नका. सगळ्यांना हॉलमध्ये बसवून ‘काय काय पाहिलं ते एकेकाने सांगा’ असं सक्तीने करू नका. ही पद्धत एकेकाळी जगभर लोकप्रिय होती. पण एकाच बैठकीत सगळं वदवून घेतल्याने पुढचा त्रास टळत नाही, काहींचा वाढतोही, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं. ज्याला बोलायचंय त्याला जागा हवी, ज्याला बोलायचं नाही त्याला मुभा हवी.

आणि तुम्ही स्वतः एक वाक्य बोला. ‘मलाही काल झोप आली नाही.’ हजेरीला, सगळ्यांसमोर. माझ्या एका तासाच्या व्याख्यानापेक्षा ते जास्त काम करतं.

व्याख्यानं, योगा, ताणमुक्ती शिबिरं खूप झाली. साप्ताहिक सुट्टीच मिळत नाही तिथे मनाचं काय घेऊन बसलात?

तुमचं बरोबर आहे. बारा-चौदा तासांच्या ड्युटीनंतर, तीही सुट्टीच्या दिवशी बोलावून, ताण कसा कमी करावा यावर भाषण ऐकवणं मला पटत नाही. मी स्वतः अशी बोलावणी नाकारलेली आहेत.

तासांचा प्रश्न सुटूच शकत नाही असं नाही. २०१६ मध्ये मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला. त्याची आखणी खात्यातल्याच एका अंमलदाराने करून दिली होती आणि तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती उचलून धरली. खालून आलेली कल्पना वरच्याने ऐकली, हे मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. पोलिसांना संघटना काढून मागण्या मांडता येत नाहीत, त्यामुळे अशी दारं फार कमी असतात. झोप आणि सुट्टी हा उपचाराचाच भाग आहे. ते नसेल तर माझ्या खोलीतलं काम अर्धंच राहतं.

मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलो तर खात्यात कळेल. हत्यार जाईल, बढती अडेल.

ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. लोक बोलतात, ‘त्याचं डोकं फिरलंय’ असा शिक्का मारतात. पण कायदा काय म्हणतो ते माहीत असू द्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे आणि मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम २३ प्रमाणे तुमच्या आजाराची आणि उपचाराची माहिती गोपनीय राखणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. अपवाद मोजके आहेत, उदाहरणार्थ कुणाच्या जिवाला धोका असेल तर.

सुरुवात फोनवरून करता येते. टेलिमानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही. तिथे बक्कल नंबर सांगावा लागत नाही. स्वतःच्या ठाण्याच्या हद्दीतल्या डॉक्टरकडे जायला संकोच वाटत असेल तर शेजारच्या शहरात जा. त्यात लपवाछपवी आहे असं मानू नका.

गोळ्या एकदा सुरू झाल्या की सुटत नाहीत ना?

उदासी आणि आघातासाठी ज्या गोळ्या सहसा दिल्या जातात त्यांची सवय लागत नाही. मात्र त्या एकदम बंद करायच्या नसतात, डॉक्टर हळूहळू कमी करतात. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते, म्हणून त्या मेडिकलवाल्याच्या ओळखीने परस्पर घेऊ नका. गोळीमुळे दिवसा गुंगी येत असेल आणि तुम्ही चालक असाल किंवा शस्त्र बाळगत असाल तर ते डॉक्टरला आधी सांगा.

दोन पेग घेतल्याशिवाय झोप येत नाही.

दारूने डोळा लागतो, पण झोप तुटक होते आणि पहाटे तीच दृश्यं जास्त जोरात येतात. मग पेग वाढतो. रोज पिणाऱ्याने एका दिवसात सोडू नये, अंगाला झटके येण्याचा धोका असतो. डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडा.

सोबतचा मित्र हल्ली ‘आता बस झालं’ असं बोलतो. थेट विचारलं तर उलट त्याच्या डोक्यात भरवल्यासारखं होईल का?

होत नाही. सरळ विचारा : ‘जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ विचारल्याने विचार वाढत नाही, बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटं सोडू नका, वाद घालू नका, पोराबाळांची शपथ घालू नका. सोबत बसा, १४४१६ लावा, जवळच्या रुग्णालयात स्वतः घेऊन जा. तातडी असेल तर ११२ आहेच.

आता हत्याराबद्दल. खात्यात हत्यार जमा करायला लावणं म्हणजे अपमान, असा अर्थ आपण लावून ठेवलाय. त्यामुळे मित्र वरिष्ठांना सांगत नाहीत आणि वरिष्ठ निर्णय लांबवतात. पण असा विचार येतो तेव्हा काही तास, काही दिवस फार निर्णायक असतात. तेवढ्या काळात शस्त्र हाताशी नसलं तर माणूस वाचण्याची शक्यता खूप वाढते. ‘तुला ताप आलाय, काही दिवस बिनहत्यारी ड्युटी कर’ इतक्या साधेपणाने हे व्हावं आणि बरं झाल्यावर तितक्याच साधेपणाने परत मिळावं. परत मिळतं हे चार जणांनी पाहिलं की पाचवा स्वतःहून सांगायला येतो.

गुन्हा दाखल होईल या भीतीने कुणी थांबू नये. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेचं कलम ३०९ तुम्हाला पाठ असेल. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरायला सांगितलं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम तसं उरलेलं नाही.

मृत्यूची बातमी सांगायला घरी जावं लागतं. ते चेहरे डोळ्यांपुढून जात नाहीत.

पोलिसाचं हे सगळ्यात अवघड काम असावं. शक्यतो दोघांनी जा. दारात उभं राहून सांगू नका, आत बसा. ‘अपघात झालाय, चला’ असं अर्धवट सांगून गाडीत बसवू नका. ‘ते गेले’ हे शब्द स्पष्ट वापरा. मग गप्प राहा. परत येताना सोबतच्या माणसाशी दहा मिनिटं चहावर बोला, लगेच पुढच्या कॉलला जाऊ नका. ती दहा मिनिटं कुणी देत नाही, मागून घ्यावी लागतात.

हे घरी काहीच बोलत नाहीत. विचारलं की चिडतात. मी बायको म्हणून काय करू?

ताई, ‘आज काय झालं?’ हा प्रश्न त्यांना जबाबासारखा वाटतो. त्याऐवजी ‘आधी अंघोळ करता का चहा घेता?’ असं विचारा. अनेक पोलीस तपशील सांगत नाहीत ते तुम्हाला त्या चित्रापासून वाचवण्यासाठी. तपशील नकोत, फक्त ‘आज वाईट दिवस होता’ एवढं सांगत जा, असा करार दोघांत करता येतो. मुलांनाही ‘पप्पांनी आज दुःखाचं काहीतरी पाहिलंय, तुझ्यावर रागावले नाहीत’ हे सांगा. नाहीतर मूल दोष स्वतःकडे घेतं.

मारहाण होत असेल तर ती आघाताच्या नावाखाली सहन करू नका. त्यांना मदत हवी आणि तुम्हाला सुरक्षितता हवी, दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

मी श्वान पथकात आहे. आठ वर्षं सोबत असलेला माझा श्वान गेला. लोक म्हणतात, कुत्रंच होतं.

त्याच्या नाकावर तुमचा जीव अवलंबून होता. तो सहकारीच होता. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात मुंबई पोलिसांच्या झंजीर नावाच्या लॅब्रेडोरने स्फोटकं हुडकून काढली आणि तो गेल्यावर पोलिसांनी त्याला मानाने निरोप दिला. तुमचं रडू योग्य आहे. नवीन पिल्लू लगेच अंगावर घ्यायची घाई नको, थोडा वेळ मागून घ्या.

२१ ऑक्टोबर जवळ आला की छातीत धडधड होते. स्मृतिदिनाच्या परेडला उभं राहवत नाही.

लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्ज इथे १९५९ साली चिनी सैनिकांच्या गोळीबारात गेलेल्या दहा जवानांच्या आठवणीचा हा दिवस. वर्षभरात देशात गेलेल्या पोलिसांची नावं त्या दिवशी वाचली जातात. आपल्या माणसाचं नाव येईपर्यंतची ती मिनिटं जीवघेणी असतात. शेजारी कोण उभं असावं ते आधी ठरवा. नाव झाल्यावर मागे सरकायची परवानगी आधीच घेऊन ठेवा. आणि त्या वर्षी जायचं नसेल तर जाऊ नका, घरी दिवा लावा.

मित्राच्या घरच्यांना मदत करायची आहे. नेमकं काय करू?

‘काही लागलं तर सांगा वहिनी’ असं म्हणू नका. त्या सांगणार नाहीत. एक फाईल करा आणि तुम्ही स्वतः ती घेऊन फिरा : मृत्यूचा दाखला, वारस दाखला, कुटुंब निवृत्तिवेतन, उपदान (ग्रॅच्युइटी), गट विमा, अनुकंपा नियुक्तीचा अर्ज. अनुकंपा अर्जाला मुदत असते आणि पुढे प्रतीक्षा यादी असते, म्हणून तो मागे ठेवू नका. प्रत्येक कागदाची छायाप्रत वहिनींकडे राहू द्या. क्वार्टर सोडायची चिंता त्यांना पहिल्याच आठवड्यात सुरू होते. ती त्या बोलून दाखवत नाहीत, म्हणून तुम्हीच माहिती काढून सांगा.

सही कुठे करायची एवढंच दाखवू नका, कशावर सही होतेय तेही समजावा. नवरा गेल्यावर सगळे निर्णय दीर, साहेब आणि क्लार्क घेतात आणि ती बाई स्वतःच्याच आयुष्यात पाहुणी होऊन बसते. हे मी फार वेळा पाहिलंय.

वर्ष झालं. मी अजून त्याच्या घरी गेलेलो नाही. गेलो तर वहिनींची जखम परत ओली होईल, म्हणून टाळतो.

जा. जखम सुकलेलीच नाही, तुमच्यामुळे ओली होणार नाही. पहिल्या तेरा दिवसांत घर भरलेलं असतं, मग ओसरत जातं आणि वर्षश्राद्धानंतर त्याचं नाव घेणारं कुणी उरत नाही. वहिनींना सगळ्यात जास्त तेच टोचतं.

मोकळ्या हातांनी गेलात तरी चालेल, पण त्याची एखादी गोष्ट घेऊन जा, जी त्यांना माहीत नाही. नाईटला तो कोणती गाणी गुणगुणायचा, कोणत्या साहेबाची नक्कल करायचा, मुलीचा निकाल लागला तेव्हा त्याने ठाण्यात किती पेढे वाटले होते. मुलगी आतल्या खोलीत अभ्यास करत असेल तर तिलाही बाहेर बोलवा, तिलाही ऐकू द्या.